विक्री एकटीच्या जिभेवर नको



बचत गटांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "माल आमचा चांगला आहे हो, पण खपत नाही." त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं. "आमच्यात बोलणारी एकच आहे, तीच विकते." आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या वाक्याबद्दल. पहिल्या वाक्याचं उत्तर बऱ्याच वेळा तिथंच असतं.

बघा, गटात दहा जणी. दळण, भाजणं, निवडणं, पाकीट भरणं, ही कामं सगळ्या जणी करतात. बाजारात मात्र ती एकच जाते. गिऱ्हाईक तिच्या ओळखीचं, भाव तिच्या डोक्यात, कुणाकडे किती उधारी राहिली तेही तिलाच ठाऊक. जोवर ती आहे तोवर सगळं ठीक. पण तिच्या लेकीचं बाळंतपण निघालं, तिचं स्वतःचं दुखणं निघालं, नाहीतर ऊसतोडीला घर हललं, की विक्री थांबते. माल डब्यात पडून राहतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि तो हप्ता दहाही जणींच्या नावावर असतो.

आपल्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. ते खरं आहे, पण अर्धंच. बोलणं शिकता येतं, शिकवता येतं. आणि नुसतं बोलून भागत नाही. भाव कुठून आला, हाती किती राहतं, गिऱ्हाईक परत का आलं नाही, हे कळल्याशिवाय गोड बोलून केलेली विक्रीसुद्धा तोट्यात जाते. म्हणून आमचं आजचं सांगणं एवढंच, की विक्री ही सगळ्या गटाची रीत झाली पाहिजे. ती रीत बसवायची तर तीन गोष्टी लागतात. हिशेब सगळ्यांना कळणं, काम एकमेकींना शिकवणं, आणि पुढारपण वाटून घेणं.

आधी हिशेब

समजा, एका गटानं शेंगदाण्याची चटणी करायला घेतली. एका खेपेला पाव किलोची ४० पाकिटं होतात. आता खर्च मांडू. हे आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही तुमचे मांडा.

शेंगदाण्याचे १,३०० रुपये. लसूण, तिखट, जिरं, मीठ यांचे ३५०. पाकिटं आणि लेबलं प्रत्येकी ४ रुपयांप्रमाणे १६०. गॅस आणि कुटून आणणं १५०. बाजाराला जायचं-यायचं भाडं २००. बाजारातल्या जागेची पावती ४०. बेरीज झाली २,२०० रुपये.

बहुतेक गट इथंच थांबतात. काही तर गाडीभाडंही धरत नाहीत. शेंगदाणे, मसाला आणि पाकीट मिळून १,८१० रुपये, म्हणजे पाकिटाला साधारण ४५ रुपये खर्च. मग ७० रुपयांना विकलं की पाकिटामागं २५ सुटले, असं वाटतं.

पण चटणी करायला तीन बायकांचा एक एक दिवस गेला. बाजारात बसायला दोघींचा गेला. म्हणजे पाच रोज झाले. रानात खुरपायला गेल्या असत्या तर रोज मिळालाच असता ना? तो ३०० रुपये धरू. पाच रोजांचे १,५००. आता खरा खर्च झाला ३,७००. एका पाकिटाला साडेब्याण्णव रुपये.

७० रुपयांना ४० पाकिटं विकली तर २,८०० आले. त्यातून वरचा २,२०० खर्च गेला. राहिले ६००. पाच जणींत वाटले तर वाट्याला १२० रुपये. म्हणजे सगळा माल खपला, लोक वा वा म्हणाले, आणि आपण ३०० चा रोज सोडून १२० रुपयांवर राबलो. जास्त विकलं असतं तर जास्त राबलो असतो, एवढंच.

आता भाव १०० केला. ४० पाकिटांचे ४,००० आले. रोज धरून ३,७०० खर्च गेला. ३०० रुपये गटाला सुटले. तुम्ही म्हणाल, शंभराला सगळी खपणार नाहीत. बरं, नाही खपली. समजा ३० च खपली. ३,००० आले, २,२०० गेले, ८०० हातात राहिले आणि १० पाकिटं अजून डब्यात आहेत. ७० रुपयांना सगळी विकून हातात ६०० च राहिले होते. म्हणून किती पाकिटं गेली हे मोजावं, पण हाती काय उरलं ते आधी मोजावं.

अजून एक बघा. शंभराचं पाकीट, गिऱ्हाईक म्हणतं, "नव्वदला द्या." आपण देतो. दहा रुपयांनी काय होतंय? पण सगळ्यांनाच नव्वदला दिलं तर ४० पाकिटांत ४०० रुपये जातात. सुटणार होते ३००. म्हणजे उलट १०० रुपये पदरचे गेले. हे गणित जिला माहीत आहे, ती भाव सांगताना चाचरत नाही. भाव कमी करताना तिची जीभ आपोआप अडते. हे शिकवायला विक्रीचं वेगळं पुस्तक लागत नाही. एका बैठकीत फळ्यावर बेरीज मांडली की दहाही जणींना कळतं. जिला लिहिता-वाचता येत नाही तिलाही कळतं, कारण पैशाचा तोंडी हिशेब तिला आपल्यापेक्षा चांगला येतो.

गळती कुठे आहे?

माल खपत नाही म्हणजे नक्की काय होतं? चार वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि चारींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली गोष्ट, लोक थांबतच नाहीत. मग जागा बघायची, मांडणी बघायची. माल जमिनीवर पोत्यावर मांडला असेल तर उभ्या माणसाला लेबल दिसत नाही. टेबलावर स्वच्छ कापड, समोर एक उघडा डबा, चटणीचा वास, ठळक अक्षरात भाव, एवढ्यानंही फरक पडतो.

दुसरी गोष्ट, लोक थांबतात पण न घेता जातात. मग बोलण्यात किंवा पाकिटाच्या मापात अडचण आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याला शंभर रुपये जड वाटतात. त्याच्यासाठी १०० ग्रॅमचं पाकीट करा. आपल्याच हिशेबानं त्याला ४० रुपयांच्या आत खर्च येतो, ४५ ला देता येतं. चव आवडली की पुढच्या खेपेला तोच माणूस पाव किलो नेतो.

तिसरी गोष्ट, एकदा घेऊन जातात पण परत येत नाहीत. इथं बोलणं कितीही गोड असलं तरी उपयोग नाही. मालात काहीतरी आहे. एकदा तिखट जास्त, एकदा मीठ कमी, कधी शेंगदाणा खवट. मग कृती ठरवून, वजन करून, लिहून ठेवायची आणि प्रत्येक खेप दोघींनी चाखल्याशिवाय पाकीट भरायचं नाही.

चौथी गोष्ट, लोक घेतात, परतही येतात, पण गटात पैसा दिसत नाही. मग भाव, उधारी किंवा पैशाची वाट बघायची. पैशाच्या वाटेचं थोडं स्पष्टच बोलतो. आता फोनवरून पैसे घ्यायची सोय झालीय. पण टेबलावर लावलेला तो चौकोनी कोड कुणाच्या खात्याचा आहे? एखादीच्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनचा असेल तर आठवड्याचा गल्ला कुणाच्या खिशात जातो ते गटाला कळत नाही. पुढं त्यावरून भांडण होतं आणि गट मोडतो. कोड गटाच्या बँक खात्याचाच पाहिजे. बँकेत जाऊन ते करून घ्या.

या चारातलं आपलं दुखणं कोणतं, हे अंदाजानं ठरवू नका. एक वही टेबलावर ठेवा. कुणी थांबलं की एक रेघ. कुणी घेतलं की दुसऱ्या रकान्यात रेघ. कुणी "मागच्या वेळी नेलं होतं" म्हणालं की तिसऱ्या रकान्यात रेघ. चार उभ्या आणि पाचवी आडवी मारली की मोजायला सोपं. साठ जण थांबले आणि पंधरा जणांनी घेतलं, तर पंचेचाळीस जण का गेले याचा विचार करायचा. दहाच जण थांबले आणि आठांनी घेतलं, तर आपलं बोलणंही बरं आणि मालही बरा, फक्त जागा चुकीची आहे. चार बाजारांच्या रेघा बघितल्या की कुठं हात घालायचा ते समजतं.

शिकवायचं कसं?

गटात शिकवणं म्हणजे बहुतेक वेळा काय होतं? "माझ्याबरोबर चल, बघून शीक." ती येते, दिवसभर पिशव्या उचलते, सुटे पैसे मोजते आणि घरी जाते. पुढच्या वेळी तिला एकटीला पाठवलं तर तिची बोबडी वळते. मग आपण म्हणतो, हिला जमत नाही. तिला बोलायची संधी एकदाही मिळालेली नव्हती, हे लक्षातच येत नाही.

या अडचणीवर ऐंशीपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एक रीत काढली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत अनुभवी माणसं कमी पडायला लागली. नवी माणसं भरती झाली, त्यात आयुष्यात कधी कारखान्याची पायरी न चढलेल्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्यांना लवकर आणि नीट काम शिकवायचं होतं. त्यासाठी १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. युद्धानंतर हीच पद्धत जपानच्या कारखान्यांतही गेली. तिच्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत. बाजारातल्या टेबलालाही त्या तशाच लागू पडतात.

पहिली पायरी, शिकणारीचं मन तयार करायचं. तिला विचारायचं, यातलं तुला काय येतं? कशाची भीती वाटते? हिशेब चुकेल याची, की माणसं हसतील याची? भीती कळली की अर्धं काम होतं.

दुसरी पायरी, काम करून दाखवायचं आणि दाखवताना बोलायचं. "मी आधी चव का दिली, भाव नंतर का सांगितला" हे कारणासकट सांगायचं. एका वेळी एकच गोष्ट.

तिसरी पायरी, तिला करायला लावायचं. आपण शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं फार अवघड असतं. ती अडखळली की आपण लगेच मधे तोंड घालतो आणि गिऱ्हाईक आपल्याकडे वळतं. तसं करायचं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तिला विचारायचं, "काय बरं झालं? पुढच्या वेळी काय वेगळं करशील?" आधी तिला बोलू द्यायचं, मग आपलं सांगायचं.

चौथी पायरी, तिला एकटीला बसवायचं आणि अधूनमधून विचारपूस करायची. पहिल्या बाजारी दोनदा, दुसऱ्या बाजारी एकदा, मग सोडून द्यायचं.

बाजारात जायच्या आधी बैठकीत एक खेळ खेळा. एकीनं गिऱ्हाईक व्हायचं, एकीनं विकणारी. गिऱ्हाइकाचं सोंग जितकं खाष्ट तितकी मजा. "महाग आहे बाई." "घरी करतो की आम्ही." "दुकानात स्वस्त मिळते." "उद्या पैसे देते." ही चार वाक्यं बाजारात ठरलेलीच असतात. त्यांची उत्तरं आधीच तोंडात बसलेली हवीत.

"महाग आहे" म्हटलं की लगेच भाव उतरवू नका. "घेऊन तर बघा, जरा चाखा" म्हणा. मग काय घातलंय, कधी केलंय ते सांगा. परवाच कुटलीय, तेल वरून घातलेलं नाही, जे खरं असेल तेच. तरीही जड वाटत असेल तर छोटं पाकीट पुढं करा. "दुकानात स्वस्त मिळते" म्हटलं तर दुकानदाराच्या मालाला नावं ठेवू नका. आपल्या मालाचं सांगा. आणि गिऱ्हाइकाला आधी विचारा, घरात तिखट किती खाता, लहान मुलं आहेत का, भाकरीबरोबर हवी की भाजीत घालायला. जी विचारते तिला काय द्यायचं ते कळतं. जी नुसती सांगत सुटते तिचं गिऱ्हाईक कंटाळून पुढं जातं.

उधारीचं उत्तर सगळ्या गटाचं एकच हवं. "आमच्या गटाचा नियम आहे ताई, रोखच." नियम गटाचा असला की नाही म्हणणाऱ्या एकटीवर राग निघत नाही.

पुढारपण म्हणजे काय?

इथं एक मोठं उदाहरण सांगतो. लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. तो ज्या संस्थेचा आहे, ती श्री महिला गृह उद्योग, मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सुरू झाली. सात गुजराती बायका, ८० रुपये उसने घेतलेले, आणि पहिल्या दिवशी केलेली पापडाची चार पाकिटं. त्यातल्या एक जसवंतीबेन पोपट. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवातीला या बायका दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांना छगनबाप्पा पारेख नावाच्या अनुभवी कार्यकर्त्यांनी सल्ला दिला, की एकच प्रत ठेवा आणि ती कधी उतरू देऊ नका. तो सल्ला त्यांनी पाळला. मघाशी आपण तिसरी गळती बघितली, परत न येणारं गिऱ्हाईक. ती गळती बुजते ती अशी. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. काम सुरू राहिलं. देणगी मागायची नाही हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

आमच्या आजच्या विषयाला सगळ्यात लागू पडणारी गोष्ट मात्र पुढची आहे. तिथं काम करणारी प्रत्येक बाई संस्थेची मालकीण आहे. एकमेकींना त्या बहीण म्हणतात. आणि शाखेचा कारभार बघणारी संचालिका याच बहिणींमधून येते. जिनं पापड लाटलाय तिलाच कारभार. त्यामुळं पीठ कसं भिजलं की पापड फाटतो, कुणाच्या घरी वाळवायला जागा नाही, हे तिला सांगावं लागत नाही. सात जणींपासून सुरू झालेलं काम हजारो बायकांपर्यंत गेलं, कारण ते एकीच्या ओळखीवर उभं नव्हतं.

आपल्या दहा जणींच्या गटात हे कसं आणायचं? पुढारीण म्हणजे सगळ्यात मोठ्यानं बोलणारी नव्हे. आमच्या मते तिची कामं चार आहेत.

एक, पाळी लावणं. बाजाराला दोघी दोघींची जोडी. एक जुनी, एक नवी. दर महिन्याला जोडी बदलायची. जिच्या घरी तान्हं मूल आहे किंवा सासरे बाहेर पाठवत नाहीत, तिला वगळू नका. तिला फोनवरच्या मागण्या लिहून घ्यायचं, व्हॉट्सअपवर मालाचा फोटो टाकायचं काम द्या. तेही विक्रीचंच काम आहे. आणि एकट्या राहणाऱ्या, नवरा नसलेल्या बाईला पैशाची जास्त निकड असते. तिची पाळी "पुढच्या वेळी" म्हणून सारखी मागं पडत नाही ना, हे पुढारणीनं बघायचं.

दोन, बाजाराहून आल्यावर पंधरा मिनिटं बसणं. तीनच प्रश्न. काय गेलं? काय राहिलं? लोकांनी काय विचारलं जे आपल्याकडे नव्हतं? तिसऱ्या प्रश्नातून नवा माल निघतो. चार जणांनी जवसाची चटणी विचारली असेल तर पुढच्या खेपेला दोन किलो करून बघायची.

तीन, चूक सांगायची रीत ठेवणं. सुटे पैसे कमी भरले, पाकीट फुटलं, मीठ जास्त पडलं, असं होणारच. ते कामाबद्दल बोलायचं, बाईबद्दल नाही. "मीठ जास्त झालंय, मोजमापाचा चमचा वेगळा ठेवू" हे एक. "तुला मेलीला काही जमतच नाही" हे दुसरं. दुसरं ऐकलेली बाई पुढच्या वेळी चूक लपवते, आणि लपवलेली चूक गिऱ्हाइकाच्या ताटात जाते. चांगलं केलं तर चारचौघींत सांगा. चुकलं तर बाजूला घेऊन सांगा.

चार, हिशेब उघडा ठेवणं. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. हेच लेखे विक्रीलाही लावा. किती आले, किती गेले, कुणाला किती रोज दिला, हे दर बैठकीत मोठ्यानं वाचा. वाचणारी दर वेळी वेगळी असू द्या.

आता राहिली ती पहिलीच, जी आजवर एकटी विकत आली. तिला वाटू शकतं, की माझं काम काढून घेतलं. तसं वाटू देऊ नका. तिनं गटाला उभं केलंय. तिला शिकवणारीचा मान द्या. तिच्याबरोबर शिकून एखादी एकटी बाजाराला बसली, तर ते यश तिच्या नावावर बैठकीत सांगा. तिची गिऱ्हाइकांची माहिती, कोण घाऊक घेतं, कुणाला कधी माल लागतो, ती तिच्याच तोंडून ऐकून वहीत लिहून घ्या.

बाहेरची मदत

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करावी लागते. लेबलवर पदार्थाचं नाव, त्यात काय घातलं, वजन, भाव, कधी बनवलं, किती दिवस टिकेल, गटाचं नाव-पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक असू द्या. त्यानं गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो आणि मोठ्या दुकानाचं दारही उघडतं.

प्रशिक्षणासाठी उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांच्या ताई तुमच्या भागात येत असतीलच. जिल्ह्याच्या ठिकाणी बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आरसेटी म्हणतात. तिथं राहून, फी न भरता शिकता येतं. कृषी विज्ञान केंद्रात पदार्थ टिकवण्याचं, पॅकिंगचं शिकवतात. गटांच्या मालाची प्रदर्शनं जिल्ह्यात भरतात, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं. तिथं विक्री तर करायचीच, पण शेजारच्या टेबलावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या बायकांनी पाकीट कसं केलंय, भाव काय लावलाय, तेही बघून यायचं.

एक मात्र पाळा. प्रशिक्षणाला दर वेळी अध्यक्ष आणि सचिवच जातात असं होऊ देऊ नका. पाळीनं जा. आणि जी जाईल तिनं परत आल्यावर पुढच्याच बैठकीत अर्धा तास बाकीच्यांना शिकवायचं, हा नियम करा. नाहीतर प्रमाणपत्र तिच्या भिंतीवर लागतं आणि गट होता तिथंच राहतो.

पुढच्या बैठकीसाठी तीन कामं सांगतो, एकाच दिवशी होतील अशी. आपल्या एका मालाचा खर्च रोजासकट फळ्यावर मांडा. बाजाराची पहिली जोडी ठरवा, त्यात आजवर कधी न गेलेली एक जण घ्या. आणि गिऱ्हाईक-गिऱ्हाईक खेळ एकदा खेळा. चार बाजार झाले की वहीतल्या रेघा घेऊन बसा आणि आपली गळती कुठं आहे ते बघा. जिला बाजारात बसायची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, तिच्यापासूनच सुरुवात करा. ती बसली की बाकीच्यांची भीड आपोआप जाते.

येतो आता. तब्येतीला जपा.